परसातील कोंबड्या आणि त्यांचे चोर
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षणनिधी, वसतिगृह, वधूवरमेळावा अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह झालेला आहे. तेथे कोंबड्यांच्या चोरांविषयी बोलावयास उभे राहिलेल्या आम्हांस पाहून कित्येकांना हसू येईल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांची मूळ घरे कोकणात आहेत. त्या घरांच्या मागील दारी आजही पाचदहा कोंबड्या चरत असतात, आणि अंडी विकून येणारा पैसा बहुधा गृहिणीच्याच हाती राहतो. मुलाची वही, सासूबाईंचे औषध, बचत गटाचा हप्ता यांची सोय त्यातूनच होते. खुडूक कोंबडी दहाबारा अंड्यांवर २१ दिवस बसावी, पिले निघावी आणि आठवड्याच्या आत ती नाहीशी व्हावी, ही त्या घरची लहानसहान हानी नव्हे.

आणि या हानीहूनही मोठी एक हानी होते. तीच सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत. काही वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींच्या कोंबडीची अकरा पिले भरदिवसा एकेक करून नाहीशी होऊ लागली. शेजारच्या घरचा कुत्रा आमच्या परसात नेहमी येत असे. दुसरा कोणी दिसला नाही म्हणून चोर तोच, असे आम्ही ठरविले. शेजारी परके नव्हते. आमच्याच भावकीतील होते. प्रथम शब्दाला शब्द लागला. पुढे आमच्याच घरातून कोणीतरी भाकरीत पिकावरचे विषारी औषध घालून ती कुंपणाशी ठेविली. कुत्रा मेला. तिसऱ्या दिवशी आणखी एक पिलू गेले. तेव्हा मातोश्रींनी गडग्याच्या भगदाडापाशी चुलीतील राख पसरली. दुपारी त्या राखेत लहान, नखे उमटलेली, पाच बोटांची पावले दिसली. चोर मुंगूस होते, आणि ते आमच्याच गडग्यात राहत होते. दोन घरांतील बोलणे मात्र त्यानंतर दोन वर्षे बंद राहिले. गणपतीच्या आरतीलाही ती मंडळी आमच्याकडे फिरकली नाहीत.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, चोर ओळखल्याशिवाय कोणावरही आळ घेऊ नये. प्रत्येक चोर आपली खूण मागे ठेवून जातो. ती वाचावयास विद्वत्ता लागत नाही. सकाळी लवकर उठून नीट पाहावे मात्र लागते.

चोरी दिवसा झाली की रात्री, हे प्रथम पाहावे. मुंगूस दिवसा येते, मानेशी वा डोक्याशी चावा घेते आणि पिले ओढून नेते. घार आणि शिक्रा हेही दिवसाचेच. उघड्यावरून एखादे पिलू अचानक नाहीसे होते, रक्ताचा थेंबही दिसत नाही, केवळ कोंबडीचा आकांत ऐकू येतो. शिकारी पक्ष्याने जागेवरच खाल्ले असेल, तर उपटलेल्या पिसांचा ढीग एका ठिकाणी पडलेला आढळतो. कावळा अंडी फोडतो आणि नुकत्याच निघालेल्या पिलांवरही झडप घालतो.

तिन्हीसांजेनंतरचे चोर निराळे. रानमांजर, ज्यास कोकणात बाऊल म्हणतात, ते आणि कोल्हा हे अख्खी कोंबडी उचलून नेतात. कुंपणापर्यंत विखुरलेल्या पिसांवरून वाट कळते. मांजराच्या पावलात नखे उमटत नाहीत, कोल्ह्याच्या व कुत्र्याच्या पावलात उमटतात. उदमांजर छपरावरून येते, म्हणून सरकलेली कौले पाहावी. घूस खालून बीळ पाडते आणि पिले बिळात ओढते. कुरतडलेले पाय तिची साक्ष देतात. अंडी कवचासकट नाहीशी झाली, किंवा मेलेल्या पिलाचे डोके ओले, चिकट असले, तर सापाचा संशय घ्यावा. अनेक कोंबड्या मारून, न खाता तशाच टाकलेल्या असतील, तर मात्र ते बहुधा कुत्र्याचेच काम. आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याने तसे कधीच केले नव्हते. आम्ही पाहिले असते, तर तेव्हाच कळले असते.

दोन प्रसंगी चोर बाहेरचा नसतोच. फुटलेले अंडे खुराड्यातच असेल आणि एखाद्या कोंबडीच्या चोचीस बलक लागलेला असेल, तर ती स्वतःच अंडी खात आहे असे समजावे. खाद्यात चुना कमी पडला, की ही खोड लागू शकते. शिंपल्यांचा चुरा द्यावा, अंडी घालण्याची जागा अंधारी ठेवावी आणि अंडी वेळच्या वेळी उचलावी. दुसरे असे की, अंगावर जखम नसता कोंबड्या मरू लागल्या, तर मानमोडीसारखा रोग असू शकतो. त्यावर लस आहे आणि ती वेळेवर टोचून वा पाजून घ्यावी. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, हे आपणांस आठवत असेलच. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या, तर त्यांस हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

आता रक्षणाचा विचार करू. खुराडे जमिनीपासून दोनतीन फूट उंच, खांबांवर असावे. जाळी धातूची आणि अर्ध्या इंचाच्या भोकांची घ्यावी. मोठ्या भोकांच्या साध्या कोंबडीजाळीने कोंबडी आत राहते, परंतु मुंगसाचे पिलू व उंदीर बाहेर राहत नाहीत. खुराडे जमिनीवरच असेल, तर जाळी फूटभर खोल पुरून वर चिरे बसवावे. दारास नुसती दोरी न बांधता घट्ट कडी लावावी. दिवस मावळण्यापूर्वी कोंबड्या मोजून आत घ्याव्या; हे काम घरातील मुलांकडे सोपविले, तर त्यांस शिस्तही लागते. उरलेले दाणे रात्री बाहेर राहू देऊ नयेत, कारण दाण्यांमागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. अंधारात अंड्यांसाठी हात घालू नये, विजेरीने पाहूनच घालावा. साप चावल्यास मांत्रिकाकडे न जाता तडक सरकारी रुग्णालयात जावे.

पहिले महिना-दीड महिना पिलांचे रक्षण सर्वांत कठीण असते. या काळात दिवसाही त्यांस आईसह डालग्याखाली किंवा वरून जाळी घातलेल्या जागेत ठेवावे. परसातील दाट झुडपे काढावी, गडग्याची भगदाडे बुजवावी. मात्र घारीपासून लपावयास एखादा मांडव वा आंब्याची सावली असू द्यावी. गावठी कोंबडी हलकी व चपळ असून पिलांना पंखाखाली घेऊन लढते. सुधारलेल्या जातींची कोंबडी वजनाने जड असते, तिला झाडावर वा छपरावर उडून जाणे तितकेसे साधत नाही. ज्यांनी तशा जाती आणल्या आहेत त्यांनी ही काळजी दुप्पट घ्यावी.

विष घालण्याचा मार्ग मात्र कायमचा सोडावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस, कोल्हा, रानमांजर, घोरपड, नाग व धामण यांस संरक्षण दिलेले आहे. त्यांस विष घालणे हीदेखील त्या कायद्याच्या दृष्टीने शिकारच ठरते. आणि विषास आपपर कळत नाही. भाकरी ज्याच्यासाठी ठेविली त्यानेच ती खाल्ली असे होत नाही. शेजाऱ्याचा कुत्रा खातो, स्वतःची कोंबडी खाते, एखादे रांगते मूलही खाऊ शकते. शिवाय मुंगूस आणि धामण हे उंदीर व घुशी खाऊन आपल्या भाताची कणगी राखतात. वर्षभराच्या चाकरीचा मोबदला म्हणून त्यांनी एखादे पिलू नेले, तर त्यांचा जीव घेण्यापेक्षा आपले दार नीट लावावे, हे शहाणपणाचे.

आमच्या घरची गोष्ट अपुरी ठेवणे योग्य नाही. तिसऱ्या वर्षी मातोश्रींनी पिले मोठी झाल्यावर दोन तलंगा टोपलीत घालून स्वतः शेजारी नेल्या आणि झाल्या गोष्टीची माफी मागितली. शेजारच्या काकूंनी टोपली घेतली, काही बोलल्या नाहीत. त्या वर्षी आरतीला मात्र त्यांच्या घरची सर्व मंडळी आली.

बंधुभगिनींनो, ज्ञातीच्या ऐक्यावर आपण या सभेत पुष्कळ बोलतो. ते ऐक्य परसाच्या गडग्यापाशी तुटते, असा आमचा अनुभव आहे. यापुढे आपल्यापैकी कोणाच्या परसातील पिलू गेले, तर शेजाऱ्यास हाक मारण्यापूर्वी मूठभर राख पसरावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे, एवढेच आमचे मागणे आहे.