दिवाडी बेटावरचे दैवत
(भेस्तान, सुरत येथील व्याख्यान)



तीर्थाचा इतिहास बहुधा देवालयाच्या उंबरठ्यावरच संपविला जातो. देवालय कोणी बांधिले, कोणी मोडिले, कोणी पुन्हा उभारिले, एवढे सांगितले म्हणजे पुरे झाले असे वाटते. परंतु त्या भूमीवरील लोकांचे काय झाले, हे विचारल्यावाचून तीर्थ कळत नाही.

जपानातील शिकोकु बेटावर आचार्य कूकाई (७७४–८३५) यांच्या नावाने ८८ स्थानांची सुमारे १२०० किलोमीटरांची प्रदक्षिणा आहे. चीन देशी जाऊन संस्कृत अक्षरांचे अध्ययन केलेले हे आचार्य. तेथील यात्रेकरूस वाटेवरचे गावकरी अन्न व विसावा देतात. नर्मदेच्या परिक्रमावासीयास काठावरच्या गावी सदावर्त मिळते, तसाच हा प्रकार. म्हणजे यात्रा जितकी चालणाराची, तितकीच तेथे राहणाराची.

आपल्याकडे याहून निराळे घडले ते गोमंतकातील दिवाडी बेटावर. जुन्या गोव्यासमोर, मांडवीच्या पात्रातले हे बेट. कदंब राजांचे आराध्य दैवत श्रीसप्तकोटीश्वर येथील नार्वे गावी होते. त्याचे नाव त्या राजांनी आपल्या नाण्यांवर कोरविले. बहमनी स्वारीत देवालय मोडले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा उभारिले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुनरपि पाडिले. लिंग विहिरीच्या कामी लाविले होते, अशी परंपरा सांगते. भक्तांनी ते नदीपार डिचोली महालात नेले आणि त्या नव्या स्थळासही नार्वे हेच नाव दिले. शिकोकूत भक्त बेटास प्रदक्षिणा घालतो. येथे देवच बेट सोडून निघाला.

सुरतेच्या श्रोत्यास शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. त्या दोहोंच्या मध्ये, १६६८ साली, महाराजांनी या नार्व्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. गोवा शासनाने केलेला अलीकडचा जीर्णोद्धार २०२३ साली पूर्ण झाला. भाविकांबरोबर प्रवासीही तेथे येतात.

परंतु दिवाडीवर मागे राहिले कोण? ज्यांनी धर्म बदलला पण शेत व घर सोडिले नाही, ते. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत; त्यांचा ऑगस्टमधील बोंदेराम उत्सव पाहण्यास प्रवासी होडीने जातात. जुन्या देवालयाचे कोटीतीर्थ तळेही बेटावरच राहिले आहे. देव एका तीरी, तळे दुसऱ्या तीरी. जो अभ्यासक एकाच तीरावरून परततो, त्याचा इतिहास अर्धा राहतो. या बेटवासीयांस परके मानणे सोपे आहे; पण त्यांच्या पूर्वजांनी ज्या तळ्यात स्नान केले तेच तळे आपल्याही पूर्वजांचे होते.

भेस्तानात जमलेल्या कित्येकांची घराणी खानदेशातून, कोकणातून पोटासाठी येथे आली. येताना देव्हाऱ्यातले टाक सोबत आणिले. देव आला, हे मुलांस ठाऊक आहे. देव ज्या गावाहून आला तेथे मागे कोण राहिले, हे त्यांस ठाऊक आहे काय? वृद्ध मंडळी आहेत तोवर ते विचारून लिहून ठेवावे. तीर्थाच्या संशोधनास आरंभ घरच्या देव्हाऱ्यापासूनच होतो.