तटस्थतेचे माप
बारामती-इंदापूरच्या साथींनो,

२००२ साली पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समलिंगी व्यक्तींसाठी ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. पुढे तरुणांनीही अशा संस्था काढल्या. त्यांच्याविषयी लिहिताना तटस्थता कशी पाळावी?

नीरा डाव्या कालव्याचे पाणी इंदापूरच्या टेलला पोचते की नाही, हे मोजूनच ठरते. दोन तालुक्यांची मते शेजारी छापून नव्हे. तसेच येथे. संस्थेचे हिशेब तपासा, दावे पडताळा, स्तुतिपाठ टाळा. परंतु ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. त्यानंतरही ‘दुसरी बाजू’ म्हणून त्यांच्या माणूसपणावर शंका छापणे हा समतोल नव्हे. संस्थेची चिकित्सा अवश्य करावी. माणसाची समता मात्र वादाला लावू नये.