तारांगणाचा छंद आणि घरचा दिवा

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सेवानिवृत्ती म्हणजे कामातून सुटका, असे सहजपणे म्हटले जाते. प्रत्यक्षात संपते ती नोकरी. संसार निवृत्त होत नाही. तीस-पस्तीस वर्षे कार्यालयाने घेतलेले दिवस एकाएकी हाती येतात आणि त्यांवर दोन हक्क उभे राहतात. एक, वर्षानुवर्षे मागे सारलेल्या छंदाचा. दुसरा, तितकीच वर्षे वाट पाहिलेल्या घरच्या माणसांचा. आकाश-छायाचित्रणाच्या छंदात हा प्रश्न विशेष तीव्र होतो. कारण हा छंद दिवस मागत नाही, रात्र मागतो. आणि घरातील सारी माणसे एकत्र बसतात ती रात्रीच.

या छंदाचे स्वरूप प्रथम समजून घ्यावे. पृथ्वी फिरत असल्याने तारे दर चार मिनिटांना एक अंश सरकतात. साध्या तिकाटण्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावलेला कॅमेरा ठेवला, तर दहा-बारा सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा उमटू लागतात. म्हणून ताऱ्यांबरोबर फिरणारे माउंट लागते व त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. मुंबई-पुण्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंश उंचीवर; शेजारची इमारत सहज आड येते. मग शहराबाहेर जाणे आले, खर्च आला, जागरण आले आणि घरच्यांची काळजीही आली.

परंतु याच छंदाच्या गणितात संयमाचा एक धडा दडलेला आहे. अंधूक तेजोमेघाची अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र केली जातात. चित्रांची संख्या वाढते, त्या प्रमाणात सुस्पष्टता वाढत नाही. ती संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पाच-पाच मिनिटांची १६ चित्रे, म्हणजे ८० मिनिटांचे काम, एका चित्राच्या चौपट स्वच्छता देते. ती दुप्पट करायची, तर ६४ चित्रे, म्हणजे ५ तास २० मिनिटे हवीत. पहिला तास उदार असतो, पाचवा कृपण. शिवाय ही ६४ चित्रे एकाच रात्री घ्यावीत, असा कोणताही नियम नाही. चार रात्री थोडे थोडे काम करून, प्रत्येक रात्री वेळेवर घरी परतूनही तेच चित्र सिद्ध होते.

पंचांगही साह्य करते. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री चांदण्यामुळे अंधूक वस्तूंच्या चित्रणास निरुपयोगी ठरतात. महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने आकाश बहुधा झाकलेलेच असते. हा सारा काळ निसर्गानेच कुटुंबासाठी राखून ठेवला आहे, असे मानावे. मृगनक्षत्र दर हिवाळ्यात परत येते. लेकीचे माहेरपण वा नातवाचे पहिले स्नेहसंमेलन मात्र पुन्हा येत नाही.

या संदर्भात दोन दांपत्यांची चरित्रे बोलकी आहेत. न्यूयॉर्कचे डॉ. हेन्री ड्रेपर हे वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक. १८६७ साली विवाह झाल्यावर ते व त्यांच्या पत्नी ॲना नव्या दुर्बिणीच्या आरशासाठी काच निवडावयास गेले आणि त्यालाच ते आपली विवाहयात्रा म्हणत. ॲना पुढे त्यांच्या प्रत्येक प्रयोगात सहभागी होत्या. ३० सप्टेंबर १८८० रोजी ड्रेपर यांनी मृगातील तेजोमेघाचे जगातील पहिले छायाचित्र घेतले. १८८२ साली संशोधनाला पूर्ण वेळ देता यावा, म्हणून त्यांनी प्राध्यापकपद सोडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ॲना यांनी हार्वर्ड वेधशाळेस निधी दिला. त्यातून साकारलेल्या हेन्री ड्रेपर सूचीत २,२५,३०० ताऱ्यांचे वर्गीकरण झाले.

दुसरे उदाहरण आयझॅक रॉबर्ट्स यांचे. ते वेल्समध्ये जन्मलेले, लिव्हरपूलचे बांधकाम व्यावसायिक. व्यवसायात असतानाच, १८८५ साली, त्यांनी २० इंची दुर्बीण उभारली. १८८८ साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी घेतलेल्या छायाचित्रात देवयानीतील तथाकथित तेजोमेघाची सर्पिल रचना स्पष्ट उमटली. रात्रीच्या कामासाठी पुढे त्यांनी साहाय्यकही नेमला. १८९६च्या सूर्यग्रहणासाठी नॉर्वेस जाताना त्यांची भेट पॅरिस वेधशाळेतील डोरोथिया क्लुम्पके यांच्याशी झाली. १९०१ साली विवाह झाला आणि डोरोथिया वेधशाळेतील पद सोडून पतीच्या कार्यात सामील झाल्या. १९०४ साली रॉबर्ट्स निवर्तले. त्यांच्या छायाचित्रांचा संग्रह डोरोथिया यांनी जिवापाड जपला व १९२९ साली, पंचवीस वर्षांनी, ५२ तेजोमय क्षेत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला.

या चरित्रांतून तीन गोष्टी ध्यानी येतात. छंदाचा आरंभ निवृत्तीची वाट न पाहता करावा. ड्रेपर यांना स्वतंत्र वेळ मिळाला, तो अवघा काही महिन्यांचा. दुसरी, सारा भार एकट्याने वाहू नये. तिसरी सर्वांत मोलाची. घरच्या माणसाला ज्या छंदाचा अर्थ कळलेला असतो, तोच छंद धन्यामागे उरतो. अन्यथा दुर्बीण अडगळीत जाते आणि छायाचित्रे संगणकातच राहतात. तथापि ॲना व डोरोथिया यांना मुळातच त्या विषयाची ओढ होती. ज्या गृहिणीला ती नाही, तिच्यावर जागरण लादणे म्हणजे सहभाग नव्हे. तिची भजनाची संध्याकाळ, तिचा प्रवास, तिची विश्रांती यांनाही निवृत्तीच्या वेळापत्रकात तेवढीच जागा हवी.

व्यवहारात काही पथ्ये उपयोगी पडतात. ग्रॅच्युइटीची रक्कम हाती येताच महागडे साहित्य घेऊ नये. साधा कॅमेरा व तिकाटणे यांवर एक हिवाळा काढावा. औषधोपचाराची तरतूद आधी, दुर्बीण नंतर. महिन्यातल्या दोनच रात्री ठरवून त्या घरच्या दिनदर्शिकेवर सर्वांसमक्ष लिहाव्यात. जागरणानंतर पहाटे वाहन चालवू नये. एखादी सहल सहकुटुंब करावी. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ साली गडद आकाश उद्यानाचा दर्जा लाभला असून दिवसा अरण्य व रात्री आकाश असा दुहेरी लाभ तेथे घेता येतो. आणि सिद्ध झालेले पहिले चित्र प्रदर्शनात नव्हे, घराच्या भिंतीवर लावावे.

देवयानीचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून येथवर पोहोचतो. आज रात्री तो टिपता आला नाही, तर उद्या टिपता येईल. घरात जेवणासाठी खोळंबलेल्या माणसाजवळ मात्र तेवढा अवकाश नसतो. हे तारतम्य ज्याला साधले, त्याची निवृत्ती समाधानाची झाली, असे निःसंशय म्हणता येईल.