पाण्याची प्रकाशचित्रे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. भाषणाच्या वेळी पडद्यावर दाखविलेली चित्रे येथे छापता आलेली नाहीत.)



यंदाची वर्षासहल आंबोलीला न्यावी असे कार्यकारिणीत घाटत आहे. आषाढातला एखादा रविवार, पन्नासजणींची मोठी मोटार, घाटातल्या मोठ्या धबधब्याखाली भिजणे आणि परतताना गरम भजी, असा एकंदर बेत आहे. गेल्या भाद्रपदात गौरी-गणपती पार पडल्यावर मी आणि माझ्या वन्सं अशा दोघीच तिथे एक दिवस हिंडून आलो. मी पाण्याची चित्रे काढली. ती दाखवावीत आणि बरोबर चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहबाईंची आज्ञा झाली. आज्ञा मी पाळते आहे, पण बेताविषयीही थोडे बोलणार आहे, हे आधीच सांगून टाकते.

बेळगावाहून पहाटे साडेपाचला निघाले की वेंगुर्ल्याच्या रस्त्याने साडेसातच्या आत आंबोली येते. उंची सुमारे ६९० मीटर. आपण बेळगावकर स्वतःला पावसाळी गावचे समजतो, परंतु आंबोलीला वर्षाकाठी ७००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या वाट्याला त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा येतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. उरलेसुरले मग आपल्याकडे पोचते.

हे पहिले चित्र हिरण्यकेशीचे. गावापासून थोडे आत गेले की गाडी सोडून झाडीतून चालत जावे लागते. समोर महादेवाचे देऊळ, पाठीमागे गुहा, आणि त्या गुहेतून नदी बाहेर येते. बाहेर येते म्हणजे काय, तर आपल्या मोरीतल्या नळाइतक्या शांतपणे येते. धबधबा पाहावयास आलेल्या माणसाची इथे निराशाच व्हायची. वन्संनी कुंडाच्या काठावर उभ्या राहून विचारले, "वहिनी, एवढीशीच का हो नदी?" एवढीशीच. पण हीच पुढे आजरा, गडहिंग्लज करीत संकेश्वरला येते, आपल्या जिल्ह्यात घटप्रभेला मिळते, गोकाकच्या कड्यावरून ५२ मीटर खाली उडी घेते, कृष्णेत शिरते आणि पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला पोचते. आणि तिथून काही मैलांवर, घाटाच्या कडेला पडलेला पाऊस कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. एकाच ढगातल्या दोन थेंबांची ही ताटातूट. माहेरी एका ताटात जेवलेल्या दोन बहिणींपैकी एक रत्नागिरीला आणि एक राजमहेंद्रीला दिली, तसेच म्हणा ना.

कॅमेऱ्याच्या भिंगावर मी एक काच बसविते, तिला पोलरायझर म्हणतात. ती फिरविली की पाण्यावरची आणि ओल्या पानांवरची चकाकी नाहीशी होते. डाव्या बाजूच्या चित्रात कुंडावर नुसते पांढरे आभाळ दिसते. उजव्या बाजूचे चित्र त्याच जागेवरून, त्याच मिनिटाला काढलेले आहे. काच फिरविली आणि तळाचे गोटे, त्यांवरची माती, बुडालेली पाने सगळे वर आल्यासारखे झाले. तळाशी बोटाच्या पेराएवढे काहीतरी चुळबुळले. याच कुंडातून २०२० साली एका नव्या माशाची नोंद शास्त्रज्ञांनी केली. त्याचे शास्त्रीय नाव शिस्टुरा हिरण्यकेशी. सोनेरी अंगाचा, तळाला राहणारा लहानसा मासा. त्याच्या रक्षणासाठी २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने देवळाभोवतीची २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. मी पाहिला तो तोच होता असे म्हणण्याचे धाडस करीत नाही. चित्रात तो एक पुसट रेघ झाला आहे.

इथेच मला आपणा सर्वजणींना काही विचारावयाचे आहे. तीर्थावर गेल्यावर आपण काय करतो? पाय धुतो. कुणी तोंडाला साबण लावते. हळदकुंकू वाहतो, कापराची वडी, निर्माल्य, द्रोणातला दिवा पाण्यात सोडतो. मोठ्या नदीला ते एकवेळ सोसेल. पण हे कुंड म्हणजे आपल्या मंडळाच्या सभागृहापेक्षाही लहान, आणि ज्याचे नावच या नदीवरून ठेवले आहे असा जीव त्यात राहतो. पन्नासजणींनी एका तासात पाय धुतले तर त्याचे काय होईल, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको.

तिथून पुढे आम्ही गावातला एक माहीतगार मुलगा बरोबर घेऊन ओढ्याच्या कडेने रानात शिरलो. जांभूळ, अंजनी, हिरडा. झाडे फार उंच नाहीत, पण खोड म्हणून दिसेल तर शपथ. सगळ्यांना हिरव्या मखमलीचे अंगरखे घातलेले. आपण सरसकट सगळ्याला शेवाळच म्हणतो, परंतु दगडावर बुळबुळणारे ते निराळे आणि झाडावरचे हे मखमली निराळे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत या दुसऱ्याला हरिता म्हणतात, इंग्रजीत मॉस. त्याला खरी मुळे नाहीत, खोडातून पाणी वर नेणाऱ्या नळ्याही नाहीत. सगळ्या अंगाने ते पाणी पिते. उन्हाळ्यात याच झाडांवर ते तपकिरी, कुरकुरीत होऊन बसते, मेले असे वाटते. पहिल्या सरीबरोबर पाने उलगडतात. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानेही त्या रानात टपटप चालूच असते, ती या अंगरख्यांतून. आम्ही बसलो होतो तेव्हा ऊन पडले होते आणि आमच्यावर मात्र पाऊस.

त्या मुलाचा एक शब्द माझ्या चांगला ध्यानात राहिला आहे. एका कातळावर तिपाई ठेवली तर ओढ्याचे वळण नेमके मिळणार होते. त्या कातळावर अखंड हिरवा थर होता. मी पाहते आहे तोच तो म्हणाला, "काकी, थंय नको. सवकास या, हयसून." त्याला वाटले मी घसरेन. ते खरेच. पण दुसरे कारण त्याने नंतर, डबा खाताना सांगितले. दोन वर्षांपूर्वी त्याच ओढ्यावर वरच्या बाजूला मंडळी चित्रे काढावयास येऊ लागली. एकाने जिथे पाय ठेवला तिथेच दुसऱ्याने ठेवला. तो कातळ आता काळा, उघडा पडला आहे, आणि हिरवे अजून परत आलेले नाही. त्याने आम्हाला तो नेऊन दाखविला. हे त्याचे चित्र. सगळ्यांत कुरूप चित्र हेच आहे, आणि मी ते मुद्दाम मध्ये घातले आहे.

आता थोडे चित्रांच्या तंत्राविषयी, कारण पाणी असे कापसासारखे कसे दिसते हे पुष्कळजणींनी विचारले. आम्ही नांगरतासला गेलो, तिथे पाणी अरुंद घळीत सुमारे ४० फूट कोसळते. इतके पडावयास पाण्याला दीड सेकंद लागतो आणि हवेचा अडथळा सोडला तर तळाशी त्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर होतो, म्हणजे बेळगावात गाडी जितकी हाकू नये तितका. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा पाचशेवा भाग उघडी ठेवली तर तेवढ्यात थेंब एक-दीड इंच सरकतो. चित्रात काचेचे मणी दिसतात. झडप अर्धा सेकंद उघडी ठेवली तर तोच थेंब वीसपंचवीस फूट प्रवास करतो, आणि त्याची रेघ होते. अशा हजारो रेघा मिळून तो कापूस. तिपाई हवीच, हात अर्धा सेकंद स्थिर राहत नाही. उजेड मळभाचा हवा. कडक उन्हात पाणी पांढरेफेक होते आणि सावली काळीकुट्ट.

अलीकडे सगळ्यांनाच कापसाची हौस आहे. मला ती पटत नाही. कापूस केलेल्या पाण्याला आवाज राहत नाही. मी सेकंदाचा दहावा-पंधरावा भाग ठेवते. त्यात पाणी मऊही दिसते आणि त्याचा जोरही कळतो. वन्सं माझ्या डोक्यावर आणि त्याहून अधिक कॅमेऱ्यावर छत्री धरून उभ्या होत्या. घळीतून उडणारे तुषार दर मिनिटाला भिंगावर बसत आणि मी ते पुसत बसे. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो वहिनी, पाणी बघायला यायचं की त्या डबीत डोळा घालून बसायचं?" मी डबी झाकली, आणि आम्ही दोघी कठड्याला टेकून बराच वेळ नुसत्या पाहत राहिलो. त्या अर्ध्या तासाचे चित्र अर्थातच माझ्यापाशी नाही.

कठड्याला टेकून असे म्हटले, ते सहज नव्हे. तिथे कठड्यापलीकडे चार तरुण उतरले होते. एकजण पाठीवर पाणी घेऊन उभा, दुसरा मोबाईल लांब धरून मागे मागे सरकत होता, कातळाच्या त्या बुळबुळीत कडेकडे. वन्सं शिक्षिका होत्या. चाळीस वर्षे वर्गावर वापरलेला आवाज त्यांनी काढला आणि तो पोरगा जागच्या जागी खिळला. मग चौघेही वर आले, हसत हसत, थोडेसे रागावूनही. काही घडले नाही म्हणून मी हे हसत सांगते. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. बहुतेक मुलेच होती. सहलीलाच आली होती ती. पाणी आधी घोट्याएवढे होते. वरच्या डोंगरावर पाऊस पडला की खालचा ओढा पाहता पाहता चढतो, आपल्या डोक्यावर एक थेंब नसला तरीही. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला, की पिशव्यांची पर्वा न करता काठावर यावे. हे आपल्या मुलाबाळांनाही सांगून ठेवा.

आता बेताविषयी. माझे म्हणणे कुणाला आवडणार नाही याची कल्पना आहे. मोठ्या धबधब्याखाली भिजू नका असे मी म्हणत नाही. बाईमाणसाला मनसोक्त, कुणी हाक न मारता भिजावयास कुठे मिळते? मलाही आवडते. पण आषाढ-श्रावणातल्या रविवारी त्या घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, पायऱ्यांवर पाय ठेवावयास जागा नसते, आणि टोळक्यांमध्ये आपल्या मुलींना भिजावेसेही वाटत नाही. शिवाय पावसाळी रात्री तिथे बेडूक रस्त्यावर येतात आणि चाकांखाली जातात. आंबोलीच्या नावानेच ओळखला जाणारा एक पिवळ्या पट्ट्यांचा भेक २००९ मध्ये प्रथम शास्त्रात नोंदला गेला, आज तो अतिशय धोक्यात असलेल्यांच्या यादीत आहे. तो सड्यावरच्या कातळात राहतो, आणि गाड्या लावावयास लोकांना नेमका तोच सपाट सडा सोयीचा वाटतो.

तेव्हा माझी सूचना अशी. रविवार सोडावा, मधला वार धरावा. आषाढाऐवजी भाद्रपदाचा शेवट घ्यावा. तेव्हा पाणी भरपूर असते, रान सर्वांत हिरवे असते आणि गर्दी ओसरलेली असते. पन्नासजणींच्या एका मोटारीऐवजी पंचवीस-पंचवीसच्या दोन खेपा कराव्यात, दोन निरनिराळ्या दिवशी. नोकरी करणाऱ्या भगिनींना मधला वार जड जाईल हे खरे आहे, त्यासाठी एक खेप शनिवारची ठेवता येईल. खर्च थोडा वाढेल. तो वाढू नये म्हणून भजी आपणच घरून तळून न्यावीत हा वन्संचा तोडगा आहे, थंड भजी खाण्याची तयारी असेल तर. कुंडापाशी साबण आणि कापूर पिशवीतून बाहेर काढावयाचा नाही, एवढी एक अट मात्र मी घालणार. रानात त्या मुलाच्या मागे एका ओळीने, वाटेवरूनच चालावयाचे. गावातल्याच माणसाला वाटाड्या म्हणून पैसे द्यावेत, फुकट मदत मागू नये.

आणि जळवा. त्यांचा उल्लेख केल्याबरोबर मागच्या रांगेत जी कुजबुज झाली ती मी ऐकली. जळू चावल्याचे कळतही नाही, दुखतही नाही, फक्त रक्त थोडा वेळ वाहत राहते. ओढून काढू नये, चिमूटभर मीठ टाकले की ती आपण होऊन सुटते. साडीऐवजी सलवार घालून पायमोज्यात खोचावी. नावे या आठवड्यात कार्यवाहबाईंकडे द्यावीत, कोणत्या खेपेला यावयाचे तेही लिहावे. मिठाच्या पुरचुंड्या मी बांधून आणीन.