माझ्यापुरता एक शब्द



आपल्या मराठीत स्वतःबद्दल एक वाक्य बोलायचं, तर आपण बाई की पुरुष हे आधी सांगावं लागतं. 'मी आले' किंवा 'मी आलो'. माझं आजोळ कोल्हापूरचं. तिथे आजी, मावश्या सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणायच्या. सुट्टी संपवून आले की मीही तसंच बोलायचे. पुण्याच्या शाळेत बाईंनी त्यावरून वर्गात उभं केलं. मग 'आले-गेले' अंगवळणी पडलं. ते मला कधी खटकलं नाही. मी मुलगीच होते. खटकलं ते पुढचं: मुलगी आहेस तर मुलीसारखी राहा.

बारीक कापलेले केस, वडिलांचे जुने शर्ट, ही माझी आवड. कॉलेजच्या दिवसांत पीएमटीत कंडक्टर म्हणायचा, "ओ दादा, लेडीज सीट आहे, उठा." मी उत्तर दिलं की सगळी बस वळून बघायची. नातेवाईक म्हणत, "हिचा मुलगा व्हायचा राहिला." लोकांनी दिलेल्या सगळ्या नावांचा अर्थ एकच, माझ्यात काहीतरी कमी आहे.

मला मुली आवडतात, हे सोळाव्या वर्षीच कळलं होतं. शब्द मात्र पंचविशीत सापडला. लेस्ली फाइनबर्ग यांची १९९३ ची 'स्टोन बुच ब्लूज' ही कादंबरी एका मैत्रिणीने झेरॉक्स करून दिली. अमेरिकेत १९४०-५० च्या सुमारास कामगार वस्त्यांतल्या बारमध्ये जमणाऱ्या, पुरुषी पेहराव करणाऱ्या समलिंगी स्त्रियांना 'बुच' म्हणत. पोलिसांच्या धाडी, मारहाण सोसूनही त्या तशाच राहिल्या. 'क्विअर' म्हणजे मुळात विचित्र, पुढे ती शिवीच झाली. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यकर्त्यांनी 'क्विअर नेशन' असं संघटनेचंच नाव ठेवलं. ज्या शब्दाने हिणवायचे, तोच त्यांनी आपला केला.

माझ्यासाठी 'क्विअर' म्हणजे मी एकटी नाही. आणि 'बुच' म्हणजे मी बाई आहे, पण माझ्या पद्धतीची. मला पुरुष व्हायचं नाही. जे मनाने पुरुष आहेत, त्यांची वाट वेगळी; 'आलो' म्हणणं हा त्यांचा हक्कच. स्त्रीवर प्रेम करणारी प्रत्येक स्त्री बुच असते, असंही नाही. हा शब्द माझ्या मापाचा आहे, एवढंच. तो दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढवू नये.

आईला हे सांगितलं २००९ मध्ये. कलम ३७७ बद्दल दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल जुलैत लागला होता, त्याने धीर आला होता. "बूच म्हणजे बाटलीचं का गं?" तिने विचारलं. मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. पुढे चार वर्षं तिने हा विषय काढला नाही. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "बातम्या पाहिल्या. घरी जेवायला ये." एवढंच बोलली.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानेच आम्हाला गुन्हेगारीच्या शिक्क्यातून सोडवलं. लग्नाचा हक्क मात्र २०२३ मध्ये नाकारला. त्यामुळे माझी जोडीदार कायद्याने आजही माझी कुणी नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री थांबणाऱ्यांचा अर्ज भरताना 'नातं' या रकान्यापाशी तिचा हात थबकला. आई कॉटवरून म्हणाली, "घरचीच आहे. लिही तसं."

श्रोतेहो, तुमच्या घरातलं एखादं मूल स्वतःबद्दल नवा शब्द घेऊन आलं, तर घाबरू नका. आधी त्याचा अर्थ विचारा. माझ्या आईनेही विचारला होता. उत्तर समजायला तिला वेळ लागला, पण प्रश्न विचारला होता, म्हणून माझ्यासाठी दार बंद झालं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)