सदर बाजारात आपले स्वागत

कोकणातून, विदर्भातून आणि छत्तीसगडच्या दूरदूरच्या आरोग्य केंद्रांतून आलेल्या प्रतिनिधींनो, रायपूरच्या सदर बाजारात मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

माझे आयुष्य सराफीच्या पेढीवर गेले. विंचू, साप आणि तातडीचे उपचार या आपल्या परिषदेच्या विषयांवर मी काय बोलणार? पण या शहराबद्दल मात्र मला बोलू द्यावे.

नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजीराजे 1758 मध्ये रतनपूरला आले आणि त्यांच्यामागोमाग मराठी माणूस छत्तीसगडात स्थिरावला. पुढे 1818 मध्ये इंग्रज अधिकारी कर्नल अ‍ॅग्न्यूने कारभार रतनपुराहून रायपूरला हलवला. आजही तात्यापारा म्हटले की मराठी घरे डोळ्यांपुढे येतात. शेजारी गोलबाजार, पलीकडे कोतवाली आणि मधोमध आमचा हा सोन्याचांदीचा बाजार. इथला व्यापारी घरी छत्तीसगडी बोलतो, हिशेब हिंदीत करतो आणि मराठी गिऱ्हाईक आले की त्याला ‘या’ म्हणतो.

माधवराव सप्रे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे सप्रे रायपूरचेच. 1926 मध्ये त्यांनी देह ठेवला तो इथेच. पण मला आज नाव घ्यायचे आहे ते वामनराव बळीराम लाखे यांचे. जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून सप्रे आणि रामराव चिंचोलकरांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढले, तेव्हा प्रकाशकाची जबाबदारी लाख्यांनी उचलली. पेंड्रा म्हणजे जंगलाच्या कडेचे गाव. तिथून निघालेले मासिक हिंदी जगाने वाचले. जेमतेम तीन वर्षे ते चालले, पण हिंदी समीक्षेच्या इतिहासात त्याला टाळून कुणाला पुढे जाता येत नाही. वामनरावांनी 1913 मध्ये इथे सहकारी बँक उभी केली, कारण सावकाराच्या दारात पिचणारा शेतकरी त्यांनी वकिली करताना रोज पाहिला होता. सरकारने दिलेली रायसाहेब ही पदवी असहकाराच्या काळात त्यांनी परत केली. रायपुरात लाखेनगर आहे, रिक्षावाला आपल्याला तिथे बरोबर नेऊन सोडेल. पण लाखे कोण, हे नव्या पिढीला सांगता येत नाही, याचे मला फार वाईट वाटते. आपल्यापैकी कुणाला संध्याकाळी सवड असेल, तर मी स्वतः तिथे घेऊन जाईन.

आता आपल्या विषयाकडे येतो. परिषदेची पत्रिका वाचताना डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव आले आणि मला पेंड्रा आठवले, कारण त्यांचे कामही असेच लहानशा गावातून जगापर्यंत पोहोचले. जालना जिल्ह्यातल्या देहेडचा मुलगा, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात शिकलेला, 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचू चावला की धडधाकट माणूस दगावत असे. अंग घामाने निथळते, हातपाय बर्फासारखे गार पडतात, उलट्या होतात, मग छातीत पाणी भरून तोंडातून गुलाबी फेस येतो. गावोगावी उतारे होते, दवाखान्यांत खात्रीचा उपाय नव्हता. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवले. ती लक्षणे 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. विषामुळे शरीरातच उसळणारी रसायने रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते, हे त्यांना नोंदींतून कळले. म्हणून रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली आणि 1986 मध्ये तिचेही निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. शंभरातले चाळीसजण दगावत, तिथे आता एखादाच दगावतो. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात त्यांच्या बरोबरीने राहिल्या. 2011 मध्ये दोघांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले, की प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो. ज्या गोळीने नाव झाले, तिच्यापेक्षा चांगले काही आहे का, हे त्यांनी स्वतःच तपासले. मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. एका निदान केंद्राकडून आलेला 1200 रुपयांचा कमिशनचा चेक त्यांनी परत केला आणि रीतसर तक्रार केली. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या जशपूरला तिथल्या सापांमुळे लोक नागलोक म्हणतात. तिथल्या आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना बावस्करांच्या कामाचा उपयोग कसा होईल, ते आपण जाणकार मंडळींनी ठरवावे.

आता व्यवस्थेबद्दल. आमच्या गल्ल्या अरुंद आहेत, मोटारी आत येत नाहीत. कोतवालीपाशी ई-रिक्षा उभ्या आहेत, त्यांना पैसे देऊ नयेत. धर्मशाळेत गरम पाणी सहा ते आठपर्यंतच मिळेल. काल रात्री आलेल्यांपैकी काहींना गाद्या उशिरा मिळाल्या, त्याबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी क्षमा मागतो. आज दुप्पट गाद्या आणल्या आहेत. जेवणात दुबराज तांदळाचा भात, चिला, ठेठरी-खुरमी आहे आणि पथ्याचे जेवण वेगळे आहे. मधुमेह असणाऱ्यांनी स्वयंसेवकांना आधी सांगावे.

या परिषदेचा खर्च सराफा बाजाराने उचलला. चहाची भांडी शेजारच्या भांडीवाल्यांनी दिली, मंडपाचे पैसे मंडपवाल्याने घेतले नाहीत, तांदूळ धमतरीकडच्या एका शेतकऱ्याने पोहोचवला, पाण्याचे जार एका विधवा भगिनीने नाव न सांगण्याच्या अटीवर पाठवले. याच शहरात दाऊ कल्याणसिंहांनी रुग्णालयासाठी लाखाहून अधिक रुपये दिले होते. त्यांच्या नावाच्या डीकेएस रुग्णालयात आजही रुग्ण बरे होतात. आमची देणगी लहान आहे, पण ती त्याच वाटेवरची आहे. सर्व देणगीदारांना, आणि रात्रभर जागलेल्या आमच्या कॉलेजच्या मुलामुलींना माझा नमस्कार.

आपणांस एकच विनंती आहे. आपापल्या आरोग्य केंद्रात विंचू-सापाचा रुग्ण आला, की त्याच्या लक्षणांची आणि उपचाराची तपशीलवार नोंद त्याच दिवशी लिहून ठेवावी. अध्यक्षमहोदयांनी आता पुढील कामकाज सुरू करावे.