फौजीची फाइल आणि चाचीचं नाव
(युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



२६ जानेवारीला आपल्या मोहल्ल्यात झेंडावंदन झालं की एक नाव हमखास घेतलं जातं, परमवीर अब्दुल हमीद. १९६५च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर शत्रूचे रणगाडे उडवताना ते शहीद झाले. दुसरं नाव ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांचं. १९४८मध्ये काश्मीरच्या लढाईत ते शहीद झाले. आपल्या देशप्रेमावर कुणी शंका घेतली की आपण ही नावं पुढे करतो. ते बरोबरच आहे. पण आपल्याच गल्लीत एखादे निवृत्त हवालदार चाचा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले असतात. त्यांची पेन्शन, त्यांची औषधं, त्यांचे कागद यांचं काय चाललंय, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? शहीद आपल्याला पुराव्यासाठी हवा असतो. जिवंत फौजी मात्र फारसा आठवत नाही.

आणि चाचा निदान कधी तरी आठवतात. चाची कुणालाच आठवत नाही.

चाचीचा दिवस कसा जातो बघा. शय्याव्रण होऊ नये म्हणून दर दोन तासांनी चाचांची कूस बदलायची. अंग पुसायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, घास भरवायचा. रात्रीही हेच. आपण भेटायला जातो आणि म्हणतो, "चाची, तुम्हाला फार मोठा सवाब मिळेल." सवाब देणारा अल्लाह आहे. आपण काय दिलं?

खरी अडचण पुढे आहे. शुश्रूषेसाठी चाचीला घरात थांबावं लागतं आणि हक्क मिळवायला घराबाहेर जावं लागतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय शहरात, ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक शहरात, बँक तालुक्याला. ती गेली तर चाचांजवळ कोण बसणार? म्हणून ती जातच नाही. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणता म्हणता वर्षं निघून जातात.

आता जरा कामाचं बोलतो. लिहून घ्या.

पहिली गोष्ट, अपंगत्व कशामुळे आलं? सेवेत असताना आणि सेवेमुळे आलं असेल, तर दिव्यांगत्व पेन्शनचा हक्क आहे. ते १०० टक्के असेल आणि कायम मदतनीस लागतो असं वैद्यकीय मंडळानं म्हटलं असेल, तर वेगळा 'कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स' आहे. म्हणून चाचांचे डिस्चार्जचे कागद नीट वाचा. त्यात किती टक्के लिहिलेत, आजार सेवेशी संबंधित मानलाय की नाही, ते पाहा. दावा नाकारला गेला असेल तर आधी अपील करता येतं, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. २०१३मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा तंदुरुस्त होता असंच धरायचं. यानंतर नियम बदलले आहेत, त्यामुळे चाचांना कोणते लागू होतात ते जाणकार वकिलाला विचारा.

दुसरी शक्यता, निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी झटका आला. मग दिव्यांगत्व पेन्शन नाही. पण म्हणून सगळे दरवाजे बंद होत नाहीत. २००३पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. तिचं कार्ड चाचांचं आणि चाचीचंही निघतं. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीच्या योजना आहेत, त्यांचे अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातात. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढायचं, ते फौजी असण्यावर अवलंबून नाही. ते २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रत्येक नागरिकासाठी आहे.

तिसरी शक्यता आपण विसरतो. कधी अंथरुणावर चाची असते आणि शुश्रूषा निवृत्त चाचा करतात. तिथंही ईसीएचएसचं कार्ड तिच्या नावे हवं, यूडीआयडी तिचंही हवं. चाचा आधी गेले तर फॅमिली पेन्शनवर तिचा उरलेला सगळा काळ चालायचा असतो.

आता मी सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्यावर येतो. चाचीचं नाव.

जवानाचं लग्न झालं की त्यानं युनिटला कळवायचं असतं. त्याची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये होते. तिथून ती रेकॉर्ड ऑफिसात जाते आणि शेवटी पेन्शनच्या पीपीओवर बायकोचं नाव येतं. आपल्या घरांत काय झालेलं असतं? निकाहनामा उर्दूत. युनिटमध्ये कारकुनानं ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलेलं नाव, पुढे 'बी'. आधारवर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. बँकेत 'बेगम'. जन्मतारीख तीन ठिकाणी तीन. बाई एकच, पण कागदावर चार बायका झाल्या.

चाचा हयात आहेत तोवर कुणाचं काही अडत नाही. ते गेले की खिडकीपलीकडून विचारलं जातं, "ही कोण?" फॅमिली पेन्शन साधारण दरानं शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते, किमान ९,००० रुपये आणि वर महागाईची वाढ. रक्कम छोटी वाटेल. पण तिच्याकडे दुसरं काहीच नसतं. इद्दतचे दिवस, दुःख ताजं, आणि त्यात आपण कुणाची बायको होतो हे प्रतिज्ञापत्रावर सिद्ध करत बसायचं. पन्नास वर्षांच्या संसाराची ही काय किंमत झाली?

ही दुरुस्ती चाचा हयात असतानाच करायची. त्यांची सही किंवा अंगठा मिळतोय तोवर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. आणि तुम्ही तरुण मुलं लग्न कराल तेव्हा निकाहनाम्यावर थांबू नका. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्यानं सगळ्या धर्मांच्या विवाहांची नोंदणी होते. ती करा आणि मुलीचं नाव सगळीकडे एकच ठेवा.

दोन बारीक पण मोठ्या उपयोगाच्या गोष्टी सांगतो. हयातीच्या दाखल्यासाठी अंथरुणावरच्या माणसाला उचलून न्यायची गरज नाही. जीवन प्रमाणमध्ये मोबाइलवर चेहरा दाखवून घरातूनच दाखला देता येतो. लष्करी पेन्शन आता 'स्पर्श' पोर्टलवर आहे, तिथं वर्षातून एकदा ओळख पटवावीच लागते. दुसरी गोष्ट बँकेची. सही करता येत नाही म्हणून पैसे अडवता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. शिवाय पेन्शनचं खातं नवरा-बायकोच्या संयुक्त नावानं ठेवता येतं.

यात कुठंही ओळख लागत नाही, वशिला लागत नाही. लागतो तो वेळ, थोडं इंग्रजी आणि मोबाइल. तिन्ही तुमच्याकडे आहेत. चाचीकडे तिन्ही नाहीत.

काही जण म्हणतील, हे तर तिच्या मुलांचं काम. मुलं पुण्या-मुंबईत, सौदीत रिक्षा, टॅक्सी, गोदामात राबतायत. ती पैसे पाठवतात, पण खिडकीसमोर उभी राहू शकत नाहीत. काही म्हणतील, बाईमाणसानं कार्यालयात कशाला जायचं. माझं म्हणणं उलट आहे. अर्ज तुम्ही भरा, पण तिला वाचून दाखवा. कोणता कागद कशासाठी, हे तिला समजलं पाहिजे. उद्या त्या खिडकीसमोर ती एकटी असेल.

तुमच्याकडे मी एवढंच मागतो. आपापल्या वस्तीतली अशी घरं शोधा. दोघांनी जा. एकानं चाचांजवळ बसायचं, दुसऱ्यानं चाचीबरोबर शहरात जायचं. एक फाइल करा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांचं आधार, निकाहनामा मराठी भाषांतरासह, ईसीएचएस आणि यूडीआयडी कार्डं. प्रत्येक कागदावर तिचं नाव बोट ठेवून वाचा. जिथं वेगळं असेल तिथं खूण करा आणि त्याच आठवड्यात अर्ज टाका.

येत्या २६ जानेवारीला अब्दुल हमीदांचं नाव जरूर घ्या. पण त्याआधी एका तरी चाचीचं नाव पीपीओवर बरोबर लागलेलं असू द्या.